सामाईक भिंतीतला पाइप

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पी-युन गच्चीवर गेली, तेव्हा स्टीलच्या टाकीत जेमतेम पंचमांश पाणी उरलं होतं. आदल्या संध्याकाळी टाकी काठोकाठ भरलेली होती.

तिने बोटाच्या पेराने टाकी वरून खाली वाजवत नेली. गुडघ्याच्या खाली येईपर्यंत आवाज पोकळ. मग तिने पालथं पडून बुडाखाली पाहिलं. बुडाच्या जोडातून सुतासारखी एक धार निघत होती आणि थेट पन्हाळीच्या तोंडात पडत होती. म्हणून गच्ची कोरडी राहिली होती. म्हणून रात्रभर कुणाला काही कळलं नव्हतं.

दालीत पाणीकपातीचा सहावा आठवडा चालू होता. पाच दिवस पाणी, दोन दिवस ठणठणाट. आज पाण्याचा शेवटचा दिवस. मध्यरात्री नळ बंद होणार होते. पुन्हा सुरू झाल्यावरही पहिलं पाणी गढूळ आणि उग्र वासाचं येई. हवेचे बुडबुडे सोडून ते दिवसभर मुरवल्याशिवाय माशांना घालता येत नसे. म्हणजे दोन दिवस नव्हे, तीन.

खाली दुसऱ्या मजल्यावर पी-युनची मासेखोली होती. तिथे अडतीस काचपेट्या. त्यांतल्या सदतीस तीन दिवस तग धरतील, हे तिला माहीत होतं. खाणं कमी करायचं, मासे कुरकुरतील, पण जगतील. प्रश्न खिडकीजवळच्या एका पेटीचा होता.

त्या पेटीत डिस्कस माशांची जोडी होती, ताटलीसारखी गोल, विटकरी रंगाची. त्यांच्या अंगावर सहा दिवसांची शंभरेक पिल्लं चरत होती. डिस्कसची पिल्लं सुरुवातीचे दिवस आईबापाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खाऊन काढतात. हल्ली बहुतेक लोक अंडी काढून वेगळी उबवतात आणि पिल्लांना वरचं अन्न घालतात. तीन-चार पिढ्या असं झालं की मासे पिल्लं वाढवायचंच विसरतात; अंडी घालतात आणि स्वतःच खाऊन टाकतात. पी-युनच्या वडिलांपासून चालत आलेला वाण अजून विसरला नव्हता. पण त्या वाणाची, पिल्लं अंगावर घेणारी, ही एकच जोडी उरली होती. मादी पाच वर्षांची झाली होती. गेल्या अकरा महिन्यांत सात वेळा घातलेली अंडी बुरशीने गेली होती. ही आठवी खेप. ही गेली तर नववी येईल असं पी-युनला वाटत नव्हतं.

अशा पेटीचं निम्म्याहून जास्त पाणी रोज दोनदा बदलावं लागतं, तेही मुरलेल्या पाण्याने. टाकीच्या बुडाशी उरलेलं पाणी तीन निळ्या पिंपांत मावलं. तीन पिंपं म्हणजे तीन वेळा. आजची एक वेळ धरून लागणार होतं सात वेळा.

थू मिस्त्री साडेसातला आला. साठीचा, ढेरपोट्या, गालात सुपारी.

"मिस्त्री, बूट काढा."

"गच्चीवर पण?"

"टाकीजवळ. तुमच्या बुटाला काय काय लागलेलं असतं."

"काल हॉटेलचा संडास तुंबला होता," बूट काढता काढता थू म्हणाला. "तेच असेल."

त्याने बुडाखाली बॅटरी मारली, नखाने जोड खरवडला आणि जिभेने टच् केलं. "वेल्डिंग नाही चालायचं. सोळा वर्षांचा पत्रा आहे, आच लागली की भोकाचं भगदाड. दोन डब्यांतला लेप मळून लावतो. दगड होतो त्याचा."

"वास किती दिवस राहतो?"

"माणसाला कळत पण नाही."

"मी माणसांचं विचारत नाहीये."

थूने सुपारी या गालातून त्या गालात नेली. मग म्हणाला, "मग भोकच मोठं करायचं. आरपार बोल्ट, दोन्हीकडून रबरी वायसर, आतून स्टीलची चकती. लेप नाही, वास नाही. पण आत कुणीतरी उतरायला हवं." त्याने टाकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. "लग्नाच्या आधी मी मावलो असतो."

पी-युन उतरली. आत उभं राहायला जागा नव्हती, उकिडवं बसावं लागत होतं. नऊ वाजता पत्रा तापायला लागला. बुडाशी शेवाळाचा निसरडा थर. तो तिने आधी नुसत्या पाण्याने आणि कापडाने पुसून काढला. साबणाला ती हात लावणार नव्हती. खालून थूच्या ड्रिलचा आवाज सुरू झाला तेव्हा अख्खी टाकी दातांत घुमली.

"फिरतोय का?" खालून थू ओरडला.

"नट फिरवलात की बोल्टही फिरतोय."

"मग पाना धरा घट्ट. नवऱ्याचा कान धरल्यासारखा."

"तो काउशिउंगला आहे. हात पोचत नाही."

"म्हणूनच सुखी आहे बिचारा."

पाना दोनदा निसटला. दुसऱ्या वेळी तिच्या अंगठ्याची साल निघाली. रक्त पत्र्यावर पडू नये म्हणून तिने अंगठा तोंडात धरला आणि एका हाताने पाना आवळून ठेवला. दहा वीसला थूने बास म्हटलं. तिने बादलीभर पाणी ओतलं. दोघंही, ती आतून आणि तो खालून, पाच मिनिटं त्या बोल्टकडे बघत राहिले. थेंब आला नाही.

टाकी दुरुस्त झाली होती, पण भरायची कशाने? दाली गावातला प्रत्येक जण त्या सकाळी भांडीकुंडी भरून ठेवत होता. खालच्या हौदात पाण्याची करंगळीएवढी धार येत होती. पंप पाण्यापेक्षा हवाच जास्त ओढत होता.

"काय गं, मासे उडाले का?"

गच्चीच्या मधल्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे सू-लुआन उभी होती. पी-युनची थोरली जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच कारखान्यात, शनिवारी घरी यायचे. घर एकच होतं, वाटणीत मधून दोन केलेलं. गच्चीवर दोन टाक्या, मध्ये सामाईक भिंत. सू-लुआनच्या हातात गार चहाचे दोन ग्लास होते.

"टाकी रिकामी झाली, वहिनी."

"मग माझी घे. सोमवारपासून भरून ठेवलीय. मी एकटी किती पाणी पिणार? उंट आहे का मी?"

पी-युनने मान वर केली. तीन दिवस मुरलेलं पाणी. तेही हजार लिटर.

थूने लगेच अंतर मापलं. भिंतीला भोक पाडायचं, दोन्ही टाक्यांच्या बुडाशी पाइप जोडायचा, मध्ये एक व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह उघडला की पाणी आपोआप समपातळीवर येईल. तीन तासांचं काम. "पण भिंत सामाईक आहे," तो म्हणाला आणि सू-लुआनकडे बघत राहिला.

सू-लुआनने ग्लास भिंतीवर ठेवले. "आज भिंत फोडायची नाही. सकाळीच पंचांग बघितलं. आज बांधकामाला हात लावायचा दिवस नाही, त्यातून दोन घरांमधल्या भिंतीला तर नाहीच. परवा चांगला आहे."

"परवा पाणी कुणाला घालू?"

"मी आपलं सांगितलं. तुझ्याच घरात अंडी नासतायत. अकरा महिने."

पी-युनचा अंगठा ठणकत होता. "वहिनी, माशांना पंचांग वाचता येत नाही," ती म्हणाली. "मिस्त्री, भोक पाडा."

सू-लुआन भरलेले ग्लास तसेच घेऊन खाली गेली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी पी-युन भिंत ओलांडून गेली, जावेच्या टाकीचं झाकण उघडून पेलाभर पाणी काढलं आणि तपासलं. क्लोरीन तपासायचे थेंब टाकले. रंग आला नाही. पाण्यातले क्षार मोजणारा मीटर बुडवला, एकशे एकोणतीस. तिच्या स्वतःच्या पाण्याचा आकडा रोज एकशे पंचवीस ते तीसमध्ये असे. तिने पाणी हुंगलं, चाखलं, आणि आकडा खोलीतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला.

बारा ते पाऊण ती आणि थू खालच्या मजल्यावर डबा खायला बसले होते. नंतर तिने जेव्हा दिवसाचं एकेक मिनिट जुळवलं, तेव्हा सगळा गोंधळ त्या पाऊण तासात झाल्याचं दिसलं.

सव्वाला थूने शेवटची कडी आवळली. सांध्यांना कुठे चिकटवायचा द्राव लावलेला नव्हता, सगळे आट्यांचे आणि रबराचे. हे पी-युनने त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं. तिने व्हॉल्व्ह आडवा होता तो सरळ केला. पाइपात घशासारखा आवाज झाला आणि तिच्या कोरड्या टाकीच्या बुडावर पाणी आपटायला लागलं. थूने टाळी वाजवली.

दोन वाजता टाक्या समपातळीवर आल्या. पी-युन खाली आली आणि खिडकीजवळच्या पेटीचं पाणी बदलायला घेतलं. एका नळीने जुनं पाणी बाहेर, दुसऱ्या नळीने नवं आत, पेन्सिलीएवढ्या धारेने, म्हणजे मासे बिचकत नाहीत. नवं पाणी आधी कापडी पिशवीतून गाळलं जात होतं. नर आडवा स्थिर उभा होता. त्याने अंग झटकलं की पिल्लांचा ढग सुटून मादीच्या अंगावर जाऊन बसे. थोड्या वेळाने मादी झटके, ढग परत. थकलेल्या आईबापाने मूल या कडेवरून त्या कडेवर द्यावं तसं. पी-युन ते बघत स्टुलावर बसली. डब्याची वेळ सोडली तर सकाळपासून ती पहिल्यांदाच बसली होती.

दोन पस्तीसला मादीने झटका दिला. ढग सुटला, पण नराकडे गेला नाही. पिल्लं हीटरच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी लोंबकळत राहिली. नराचा रंग काळवंडला होता.

तिने आधी नळ बंद केला. मग पिशवी उलटी केली. पिशवीच्या तळाशी राखाडी गाळ होता, आणि त्या गाळात तांदळाचे चार दाणे.

नळातलं पाणी पेल्यात घेऊन तिने मीटर बुडवला. एकशे एक्याऐंशी.

ती जिना चढून गच्चीवर गेली तेव्हा थू हत्यारं पुसत होता. तिने व्हॉल्व्ह आडवा केला. "मिस्त्री, मघाशी इथे कोण होतं?"

थूने तिच्या तळहातावरचे दाणे पाहिले आणि तो सुपारी चघळायचा थांबला. "डब्याच्या मध्येच मी पाना न्यायला वर आलो होतो ना, तेव्हा तुमच्या जाऊबाई शिडीवर होत्या. हात जोडून. मला वाटलं तुमचं ठरलंय."

"काय ठरलंय?"

"सामाईक भिंत कुणी तशी फोडत नाही, बाई. मीच त्यांना म्हटलं होतं, पंचांगात वाईट असेल तर काहीतरी करून घ्या. दर वेळी म्हणतो. लोक भिंतीवर करतात." त्याने टाकीकडे पाहिलं. "टाकीत टाकतील असं मला काय माहीत?"

सू-लुआन स्वयंपाकघरात कडू कारली चिरत होती.

"वहिनी, टाकीत काय टाकलंत?"

"माझ्या टाकीत पाणी आहे."

पी-युनने मूठ उघडून दाणे ताटलीत टाकले.

सू-लुआनने ते पाहिले, सुरी चालूच ठेवली. "तीन दिवस बोलायचं नसतं. बोललं की गुण जातो."

"तीन दिवसांनी पिल्लं नसतील."

"असतील. म्हणून तर केलं. देवळातल्या अंगात येणाऱ्यालाच मागच्या महिन्यात विचारून ठेवलं होतं, तुझ्या अंड्यांचं. कारण तू रडतेस ते मला भिंतीतून ऐकू येतं. तुला वाटतं भिंत जाड आहे." तिने कारल्याच्या बिया नखाने काढल्या. "आणि आज तू त्याच भिंतीला भोक पाडलंस. वर मला चिडवलंस."

"चिडवलं. चुकलं माझं. आता सांगा."

"नाही."

"पिल्लं आईला सोडून कोपऱ्यात गेलीत, वहिनी. ती आईशिवाय काही खात नाहीत. संध्याकाळपर्यंत परत अंगावर चढली नाहीत तर उपाशी मरतील. मी शिव्या द्यायला आलेली नाही. काय आणि किती, एवढं कळलं तर काय करायचं ते मला ठरवता येईल."

सुरी थांबली. सू-लुआनने ती फळीवर नीट, कडेशी समांतर ठेवली.

"मूठभर मीठ," ती म्हणाली. "मूठभर तांदूळ. देवळातल्या मोठ्या धूपदाणीतला अंगारा, एक वाटी. आणि एक पिवळा कागद, मंत्राचा, जाळून."

मीठ आकड्यावरून कळलंच होतं. एवढं मीठ माशांना सोसतं. अंगाऱ्याने पाणी थोडं खारवट-तुरट होतं, पिल्लं बिचकतील, पण तेही कदाचित निभावतं. पी-युनने मनातल्या मनात एकेक खूण केली आणि चौथ्यावर थांबली.

"कागदावर लाल अक्षरं होती?"

"लालच असतात."

"कुंचल्याने लिहिलेली की छापील?"

"मला काय माहीत? मी वाचायला घेतला होता का?"

"वहिनी, आठवा. लाल शाई दोन तऱ्हेची असते. छापील असेल तर साधा रंग. हाताने लिहायची दगड कुटून करतात, त्या दगडात पारा असतो. पाण्यात किती विरघळतो मला ठाऊक नाही, आणि एका नखाएवढ्या पिल्लाला किती लागतो तेही ठाऊक नाही."

सू-लुआनचा चेहरा उतरला. ती उठली, एप्रनला हात पुसले आणि देवळात फोन लावला. रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावल्यावर देवळाच्या दुकानातल्या पोराने उचलला: पुजारी आणि सगळी मंडळी पावसाच्या नवसासाठी धरणाकडे मिरवणुकीने गेली होती, पुजाऱ्याचा स्वतःचा फोन त्याच्या दुचाकीच्या डिकीत असावा.

तीनला पाच कमी. पिंपं तीन. पी-युनने मासेखोलीत परत येऊन एक पिंप पेटीकडे लोटलं.

"टाक्या रिकाम्या करून टाकू?" दारातून थूने विचारलं. "पाच मिनिटांत करतो. बोल्ट काढला की संपलं."

"कशाने भरणार?"

खालच्या हौदात आता धारही नव्हती, नुसते थेंब होते. टाक्यांमधलं हजार लिटर पाणी वाईट असेलच असं नव्हतं. ते निर्दोष निघालं असतं तर पुढचे तीन दिवस त्याच्यावरच काढायचे होते. ओतून दिलं आणि मग शाई साधी निघाली, तर हातचं गेलं. आणि विषारी असेल तर उरलेल्या दोन पिंपांत दोन वेळा. पी-युनने दोन्ही बाजूंचा विचार केला आणि टाक्या तशाच ठेवायला सांगितल्या. पिंपातलं पाणी तिने पेटीत सोडलं, मघापेक्षाही बारीक धारेने, सुतासारख्या.

सू-लुआन मागोमाग खोलीत आली. या खोलीत ती दोन वर्षांत आली नव्हती. तिला दमट वास सोसत नसे. दारातच तिने चपला काढल्या, न सांगता कोपरापर्यंत हात धुतले, साबणाकडे बोट दाखवून विचारलं, "हा नाही ना चालत?" आणि पी-युनने मान हलवल्यावर नुसत्या पाण्याने पुन्हा धुतले.

"मी काय करू?"

"बसा. मादीच्या या बाजूला किती पिल्लं आहेत मोजा. हलू नका."

सू-लुआन स्टुलावर बसली. बराच वेळ तिचे ओठ हलत होते. "चार," ती म्हणाली. मग, "नाही, पाच. एक डोळ्यापाशी आहे."

साडेतीनला पाच. चारला नऊ. सव्वाचारला नर हीटरकडे गेला, कोपऱ्यातल्या पिल्लांपुढे तोंड उघडून थांबला. त्याने दोन पिल्लं तोंडात घेतली. पिल्लं चुकली की बाप तोंडात धरून परत आणतो. पिल्लं खाणारा बापही अगदी असाच तोंड उघडतो. तो मागे वळला, मादीच्या अंगापाशी गेला. त्याने तोंड उघडलेलं दोघींना दिसलं नाही, मध्ये मादी आली होती.

"टाकली का? बाहेर टाकली का त्याने?" सू-लुआनने पी-युनचा दंड धरला.

"दिसलं नाही."

"मोज ना तू!"

"मोजतेय."

पंधरा होती. पण ती पंधरा कुठून आली, हे सांगता येत नव्हतं.

खालून भोंगा लावलेली वस्तीप्रमुखाची गाडी गेली. दाब टिकत नसल्यामुळे पाणी मध्यरात्रीऐवजी आज संध्याकाळी सहालाच बंद होईल, नागरिकांनी सहकार्य करावं. गाडी चौकात वळली आणि तेच पुन्हा म्हणाली. थू खाली हौदापाशी गेला आणि दोन बादल्या नळाखाली लावल्या.

पाच वाजून दहा मिनिटांनी सू-लुआनचा फोन वाजला. पुजारी होता. मागे ढोल वाजत होते, त्यामुळे ती ओरडून बोलत होती. तिने ऐकलं, दोनदा "हो" म्हटलं, एकदा "कुठली ते?" विचारलं, आणि फोन कानापासून दूर धरला.

"काय म्हणतो?"

"दोन्ही प्रकारचे असतात म्हणे. छापील गठ्ठा संपला की तो स्वतः लिहितो. मला कागद दिला तेव्हा गठ्ठा संपला होता की नव्हता ते त्याला आठवत नाहीये. देवळात जाऊन कपाट बघून सांगेल."

"कधी?"

"मिरवणूक परत फिरली की."

पहिलं पिंप संपलं होतं. पी-युनने दुसरं पुढे ओढलं आणि नळी त्यात सोडली. मीटर पेटीत बुडवला, एकशे सदतीस. नराचा काळेपणा कल्ल्यांपाशी किंचित फिका वाटत होता, पण खिडकीतला उजेडही बदलला होता. कोपऱ्यात पेटीच्या तळाशी पांढरे ठिपके दिसायला लागले होते. ते किती आहेत हे दोघींपैकी कुणी मोजलं नाही.

"या बाजूला सव्वीस," सू-लुआन म्हणाली. "पलीकडच्या बाजूला तू बघ."

पी-युन गुडघ्यांवर बसून पेटीच्या मागच्या काचेला डोळा लावून बघू लागली. पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी मादीच्या दोन्ही अंगांवर मिळून एकतीस पिल्लं होती. फोन स्टुलाशेजारी जमिनीवर उताणा ठेवलेला होता, पुन्हा वाजला नव्हता.